बुर्गीनं नाकारलेली रुंद जोडी

नोटबुर्गा क्रोलला आमच्या टिरोलच्या खोऱ्यात सगळे बुर्गी म्हणतात. तिच्या स्कीच्या दुकानात माणूस शिरला की ती आधी त्याचे गुडघे बघते, मग बुटांच्या झिजलेल्या टाचा, आणि तोंड सगळ्यात शेवटी. तोवर त्याला कुठल्या फळ्या द्यायच्या ते ठरलेलं असतं. (स्कीला आम्ही फळ्याच म्हणतो.) टणक, दाबलेल्या उतारावर वळणं घ्यायची तर अरुंद आणि धारदार, भुसभुशीत हिमात उतरायचं तर होडीसारख्या रुंद, भित्र्यासाठी आखूड आणि मऊ.

हे तिला वडिलांनी शिकवलं, मारून. फळीची लोखंडी कड बोथट राहिली की पोटरीवर लाकडी पट्टी बसायची. तेरा वर्षांची असताना तिनं एका पाहुण्याला चुकीची जोडी दिली, तर त्यांनी तिचा अंगठा टेबलावरच्या वाईसमध्ये, म्हणजे फळ्या आवळायच्या लोखंडी पकडीत, धरून दांडा फिरवला. ते नख पुन्हा धड आलं नाही. वडील गेले तेव्हा ती रडली नाही, आणि ते लपवलंही नाही.

मी डोंगरावर माणसं नेणाऱ्या तारेच्या पाळण्यावर कामाला होतो आणि बचाव पथकातही. त्या फेब्रुवारीत तीन दिवस हिम पडलं आणि चौथ्या दिवशी वारा सुटला. पाचव्या दिवशी सकाळी मी वरून बुर्गीला फोन केला की उत्तरेच्या घळीच्या वरच्या भागातलं हिम वाऱ्यानं खरवडून नेलंय, खाली नुसता टणक बर्फ उरलाय. असा फोन मी रोजच करायचो. त्यावरून ती दिवसाच्या जोड्या काढायची.

तासाभरानं वेंडेलिन दुकानात आला. तरुणपणी तो शर्यती जिंकायचा. आता वाटाड्या झाला होता, आणि त्याचा जुना फोटो अजून खानावळीत टांगलेला होता. सोबत दोन डच भाऊ, थोरला रूलॉफ आणि धाकटा यूस्ट. वेंडेलिनला घळीसाठी दुकानातल्या सगळ्यात रुंद जोड्या हव्या होत्या. बुर्गीनं अरुंद जोड्या टेबलावर ठेवल्या.

"रुंद दे," तो म्हणाला.

"वर हिम उरलेलं नाही, वेंडेलिन. रुंद फळीची कड तिथं धरणार नाही. आणि यांना घळीत नेऊच नकोस. उतार दिसला की मागे रेलणारी माणसं आहेत ही, गुडघे बघ की."

यूस्टला आमची भाषा कळत होती. तो वेंडेलिनकडे बघून हसला.

"कानस घासणारी बाई मला डोंगर शिकवणार?" वेंडेलिन म्हणाला.

"डोंगर नाही शिकवत. फळ्या देत नाही, एवढंच."

वेंडेलिननं तिच्या डाव्या कानाखाली मारली. ती कलंडली, तसे त्यानं तिचे केस धरले आणि डोकं वाईसवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. कपाळावरचं रक्त ओघळून तिच्या डोळ्यांत गेलं. टेबल चाचपताना हाताला फळी लागली आणि तिनं ती फिरवली. ताज्या धारेची कड त्याच्या हातात हाडापर्यंत गेली. तो खाली बसला. तिनं दुसरा घाव घातला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या घावाची गरज नव्हती, हे तीच सांगते.

रुग्णवाहिका आली, शेजारी धावले. बुर्गीच्या डोक्याला पट्टी बांधत असताना तिला भिंतीवरचे, फळ्या टांगायचे दोन आकडे रिकामे दिसले. त्या गोंधळात भाऊ रुंद जोड्या उचलून गेले होते. तिनं मला फोन केला. ते माझ्याच पाळण्यातून वर गेले होते, दहा मिनिटांपूर्वी.

आम्ही पथकातले निघालो तेव्हा तीही आली. पट्टीतून रक्त झिरपत होतं, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. यूस्ट तीनशे मीटर खाली खडकांत पडला होता. शिरस्त्राण मधोमध फुटलेलं, आणि आत बघण्यासारखं काही नव्हतं. रूलॉफ अर्ध्यावर एका खडकाला लटकला होता, बोटांची सालं निघालेली. बुर्गी बर्फावर आपल्या अरुंद फळ्यांच्या कडा करकरवत आडवी सरकत त्याच्यापर्यंत गेली आणि आमचा दोर पोचेपर्यंत त्याला खडकाशी दाबून उभी राहिली. तो भावाला हाक मारत तिला ढकलत होता. तिनं त्याच्या थोबाडीत मारली आणि पकड सोडली नाही.

गाव तिच्यावर उलटलं. वेंडेलिन सोबत असता तर पोरगा वाचला असता, असं लोक तोंडावर बोलायचे. कुणीतरी दुकानाची काच फोडली. तिनं नवी बसवली, तीही फोडली.

उन्हाळ्यात दोघांवरही खटला उभा राहिला. वेंडेलिनचा हात कोपरातून वळत नव्हता. बुर्गीला का मारलंस, असं न्यायाधीशांनी त्याला विचारलं.

"मी नेलंच असतं त्यांना," तो म्हणाला. "रुंद फळ्यांवरच. ती खरं बोलली, आणि पाहुण्यांसमोर बोलली, म्हणून मारलं मी."

दोघांनाही शिक्षा झाली, दोघांचीही स्थगित राहिली. काचा फुटायच्या थांबल्या. त्यांनी एकमेकांची माफी मात्र मागितली नाही. बुर्गीचा डावा कान कायमचा गेला.

पुढच्या हिवाळ्यात रूलॉफ एकटाच दुकानात आला. मी तिथंच होतो. त्यानं तिला विचारलं की अरुंद जोड्या घेतल्या असत्या तर यूस्ट जगला असता का.

"माहीत नाही," बुर्गी म्हणाली. "त्या दिवशी मी तुम्हाला घळीत कुठल्याच फळ्यांवर जाऊ दिलं नसतं."

त्यानं भिंतीवर मूठ मारली, मग मारतच राहिला, लाकडावर रक्ताचे ठसे उमटेपर्यंत. तिनं त्याला मारू दिलं. तो दमल्यावर तिनं त्याचा हात धुतला, पट्टी बांधली आणि एक आखूड, मऊ जोडी काढली. दुकानाला कुलूप लावून ती त्याला चर्चमागच्या कुरणावर घेऊन गेली. तिथला उतार एवढासाच आहे. तो दोनदा पडला, आणि दुसऱ्यांदा बराच वेळ उठला नाही. ती त्याच्या शेजारी हिमात बसून राहिली.