बाहेर न चालणारी भाषा

त्याचं नाव मी विसरलेलो नाही, घेत नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात तो एकदाच आला. यंत्रमागांवरून क्षणाक्षणाला येणारी माहिती येता येताच तपासणारा प्रोग्राम मला लिहायचा होता. तो कुठल्या भाषेत लिहायचा, हे पुण्याहून आलेला हा सल्लागार ठरवणार होता.

मालकांसोबत जेवताना मी जावा या संगणकभाषेची बाजू मांडली. भार पेलते, अडलं तर मदत मिळते, जाणकार माणसं मिळतात. तो कडक भाकरी मोडत प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत होता. "बरोबर हाय की," म्हणाला. मूळचा बार्शीचा. मला आपला माणूस वाटला.

मग बोटाची शेंगाचटणी चाटून, मी तिथं नाहीच अशा थाटात, तो मालकांकडे वळला.

"जावा घेतली तर वर्षात ह्ये पोरगं पुण्याला पळतंय बगा, शेठ. मी न्हाई का पळालो? आमच्या कंपनीची भाषा घ्या. बाहेर तिला कुणी इचारत न्हाई."

मालक हसले. त्यानं मला आग्रहानं भाकरी वाढली.

प्रोग्राम उत्तम चालतो. पुण्यात मुलाखतीला गेलो की विचारतात, "ही कुठली भाषा?" परतताना वाटेत टेंभुर्णीला बार्शीची पाटी दिसते. मी मान फिरवतो.