काजलची खुर्ची

पंचफुलाची जीभ चालायची, आणि तेवढ्यावरूनच तिची सरपंचकी हुकली.

अल्लीपूरजवळच्या त्यांच्या गावात सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं, तेव्हा ते आपलंच, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. ती दहावी पास, बचत गट तिनंच उभा केलेला. पण सासरे वासुदेवरावांनी दोन्ही मुलांना ओसरीत बसवून सांगितलं, "मोठीचं तोंड लई चालते. लहानीले उभी करू. म्हटलं तिथं सही करन."

लहानी म्हणजे धाकटी जाऊ, काजल. सासऱ्यांसमोर मान वर न करणारी. ती निवडून आली. अंगणात गुलाल उधळला जात होता, तेव्हा पंचफुला आत पुऱ्या तळत होती. बाहेरून "सरपंचताई" अशी हाक आली की तिचा झारा कढईतच थांबायचा.

"सरपंचकी आपल्याच घरात आली ना," नवरा देवेंद्र म्हणाला.

"घरात आली. माह्या हाती नाई आली."

एका दुपारी काजल तिच्याजवळ येऊन बसली. "ताई, ठराव कसा मांडतात? मले काईच समजून नाई राह्यलं."

पंचफुलाला सगळं ठाऊक होतं. "नवऱ्याले विचार तुह्या," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. काजलचा उतरलेला चेहरा पाहून तिला गार वाटलं.

काजलच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, आनंदानं सगळं हाती घेतलं. शिक्कासुद्धा त्याच्याच खिशात राहू लागला. ग्रामसभेत तो सरळ सरपंचाच्या खुर्चीत बसला, काजल खाली बायांत. बस आता खालीच, पंचफुलाला वाटलं. तेवढ्यात मागून एका म्हातारीनं नळाला पाणी नसल्याचं काढलं.

"बायांनी मधात बोलू नये," गजेंद्र म्हणाला. काजल अर्धी उठली आणि परत बसली.

दोनदा दहावी नापास झालेला हा माणूस पंचफुलाच्या हक्काच्या जागेवर बसला होता, आणि तिनंच त्याला वाट करून दिली होती. ती उभी राहिली.

"भाऊजी, उठा. तुम्हाले निवडून देलं काय गावानं?"

"वहिनी, घरी बोलू."

"घरी तुम्ही ऐकता कुठं? तिची खुर्ची हाय. उठा."

बाया हसल्या. ग्रामसेवक खाली मान घालून बसला. गजेंद्र उठला, आणि काजल खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. "नळाचं सांगा, मावशी," ती म्हणाली.

त्यानंतर वासुदेवराव कितीतरी दिवस पंचफुलाच्या हातचं जेवले नाहीत. पंचफुला मात्र काजलला शिकवू लागली. काजल सभेत बोलू लागली, गाव तिचं कौतुक करू लागलं. वाक्यं पंचफुलाची, नाव काजलचं. जेवढं शिकवावं, तेवढा जीव जास्तच जळायचा.

पुढच्या वर्षी त्यांच्या वॉर्डातली पंचायत सदस्याची एक जागा रिकामी झाली. पंचफुलानं कुणालाही न विचारता अर्ज भरला.

"एकाच घरातून दोन बाया?" वासुदेवराव म्हणाले.

"एक तुम्ही उभी केली, मामाजी. एक मी."

प्रचाराला काजलच तिच्यासोबत दारोदार फिरली. पंचफुला निवडून आली. सत्काराला दोघींच्या गळ्यात हार पडले. काजलचा हार मोठा होता, हे पंचफुलानं पाहिलंच.