बाराचं विमान

उमरग्याजवळच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायची आणि मी हजेरी घ्यायचो. बोलायची कमी, पण कान आभाळाकडं असायचे. मुंबईहून हैदराबादला जाणारं विमान रोज बाराला डोक्यावरून जायचं. ते गेलं की ती हातोडा ठेवून भाकरीचं फडकं सोडायची. जेवणाची सुट्टी बाराचीच होती.

मुकादमाचं घड्याळ मात्र त्याच्यासारखंच हरामखोर. सकाळी कामावर घेताना अगदी बरोबर आणि दुपारी हमखास अर्धा तास मागं. "उचला हातोडे. इमान आज लवकर आलंय," असं तो रोज सांगायचा आणि साऱ्या बाया तापलेल्या दगडांवर पुन्हा वाकायच्या.

एके दिवशी ती वाकली नाही. तिनं मला विचारलं, "भाऊसाहेब, मुंबईहून हैदराबादला इमानाला किती येळ लागतो?"

"सव्वा तास," मी म्हणालो.

ती मुकादमाकडं वळली. "सव्वा तासाच्या वाटंत रोज अर्धा तास लवकर येतंय व्हय हे?"

मग ती पुन्हा माझ्याकडं वळली.

"भाऊसाहेब, तुमच्या घड्याळात किती वाजले?"

बारा वाजून गेले होते. रोजच जायचे आणि रोजच मला दिसायचे. मी शर्टाची बाही मनगटावर ओढली.