पऱ्हाटीची साखर

श्यामकांत ठोंबरे मूळचे यवतमाळकडचे. तिकडे कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते. श्यामकांतरावांना मात्र तिच्यातून साखर काढायची होती. चहात घालायची नव्हे. यीस्टने खाऊन पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल करावं, अशी. पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा चंडीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेला हे वेड एकदम शहाणपणाचं वाटू लागलं, आणि तिने त्यांना प्रकल्प दिला.

"आमचे हे ऑफिसात सरपण शिजवतात," असं मीनाक्षी, म्हणजे त्यांची बायको, शेजारणींना सांगायची. खोटं काय त्यात? पंजाबातल्या अबोहरहून आलेली पऱ्हाटी दळून ते सोड्याच्या पाण्यात शिजवत, धुऊन घेत आणि तिच्यावर बुरशीचा अर्क ओतत. बुरशी वाढवायची गव्हाच्या कोंड्यावर. इंडस्ट्रियल एरियातला पीठ-गिरणीवाला सरदारजी तो पोत्यांनी देई. अर्काने पऱ्हाटीतली साखर सुटली की तपासणीचा निळा द्रव तापवताच विटकरी होई, आणि श्यामकांतराव मिशीवरून हात फिरवीत.

दिल्लीची समिती येणार होती. साखरेचे आकडे पटले तर प्रकल्प चालू, नाहीतर गाशा गुंडाळा. श्यामकांतरावांचे साहेब ढिल्लों यांनी तर झकास आकडा आधीच दिल्लीला कळवून टाकला होता.

आदल्या दिवशी घाईत एका चंबूत पऱ्हाटी घालायचीच राहिली. नुसता अर्क. तरी द्रव विटकरी झाला!

श्यामकांतरावांनी ती साखर मोजली, तर नेहमीच्या निम्मी भरली. म्हणजे निम्मी साखर कोंड्याची होती. कोंड्याला पीठ चिकटलेलं असतं, बुरशी त्याचीही साखर करते. रोज पोळ्या हाणणाऱ्या माणसाने एवढं विसरावं!

"ठोंबरे जी, ये किसने देखा?" ढिल्लोंनी दार लोटून घेत विचारलं.

"मैंने."

"बस? फिर तो किसी ने नहीं देखा."

"मुझे दिखता है ना, सर."

"ओ यार, प्रोजेक्ट गया तो?"

"तो यवतमाळ जाके पऱ्हाटी चूल्हे में डालूंगा. लेकिन कोंडे की साखर पऱ्हाटी के नाम पे नहीं बेचूंगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीपुढे दोन्ही चंबू शेजारी शेजारी ठेवले आणि कोंड्याची साखर सगळ्यांदेखत वजा केली. ढिल्लों छताकडे पाहत होते.

"आकडा अर्ध्यावर आला की हो," समितीतले एक बुजुर्ग म्हणाले. ते पुण्याचे निघाले.

"अर्धा आहे, पण सगळा पऱ्हाटीचा आहे," श्यामकांतराव म्हणाले. "आणि वाढवून दाखवतो. सोड्यात जरा जास्त शिजवायला हवी."

समितीने चहा घेतला, समोसे संपवले, आणि एका वर्षाची मुदत दिली. अट एवढीच की यापुढे बिनपऱ्हाटीचा चंबूही प्रत्येक वेळी दाखवायचा.

"मरवा दिया, डबल काम!" ढिल्लों कुरकुरले. उत्तर द्यायला श्यामकांतराव जागेवर होते कुठे? ते केव्हाच नवी पऱ्हाटी शिजत टाकायला गेले होते.