मानेवर उलटा हात

सलूनवाले काका स्वतःला कलावंत म्हणवून घेत नसत. ते काम गिऱ्हाइकं करत. काकांची खासियत मान. केस कापून झाले की वस्तऱ्याला नवं पातं लावून ते मानेवर आधी सुलटा हात फिरवत, मग उलटा. उलट्या हाताने केस पार मुळाशी तुटतो आणि मान काचेसारखी होते.

काकांचा जावई शाळामास्तर. दिवसभर फळ्याकडे तोंड, म्हणजे वर्गाकडे मान. म्हणून ती मान सासऱ्यांनी दर रविवारी जरा जास्तच मायेने तासली. केसांच्या कडेला पुटकुळ्या आल्या, त्यांच्या टणक गाठी झाल्या. मग काकांनी गाठींवरून आणखी एक हात फिरवायला सुरुवात केली. पोरं मास्तरांना ‘डोंगररांग’ म्हणू लागली. मास्तर भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून शिकवू लागले.

शेवटी लेकीने नवऱ्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काकाही सोबत गेले, काळजीपोटी.

“केलॉइडसारखं आहे,” बाई म्हणाल्या. “जखम भरली तरी कातडी वाढतच राहते. कानाची पाळी, जबड्याची कड, मान, इथे जास्त. नुसतं कापून काढलं तर आणखी मोठं येऊ शकतं. मानेला वस्तरा कोण लावतं?”

“आहे एक सलूनवाला,” मास्तर म्हणाले.

“सलूनवाला की सुतार? रंधा मारलाय नुसता!”

लेक पंख्याकडे बघत राहिली. बाई काकांकडे वळल्या. “आजोबा, तुम्ही कोण यांचे?”

“सासरा.”

“मग तुम्ही तरी खडसावा की त्याला!”

“खडसावतो,” काका म्हणाले.

जिन्यात जावई हळूच म्हणाला, “बाबा, मनावर घेऊ नका. मीच म्हणायचो ना, अजून साफ करा.”

ज्याला ते मनातल्या मनात बुळा म्हणत आले, त्याने आत ओळख लपवून आणि इथे खोटं बोलून त्यांची अब्रू राखली होती. त्यापेक्षा चारचौघांत कान धरून उठाबशा काढायला लावल्या असत्या तर परवडलं असतं.

काका मागे फिरले.

“ओ आजोबा, नंबर आहे इथे!” बाकावरचे पेशंट ओरडले. काका तसेच आत शिरले.

“तो सुतार मी,” ते म्हणाले.

बाई ओशाळल्या. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, “अशा गाठी आणखी कुणाच्या मानेवर पाहिल्यात?”

काका बोटांवर मोजू लागले. उजवा हात संपला, तेव्हा त्यांनी डावा पुढे घेतला.