पाणी शेवटच्या ओळीत

भिजलेल्या गोधडीचा जड, आंबूस वास आला की मला गंगाखेडची एक दुपार आठवते. मावशीनं आपल्या आईच्या ठेवणीतल्या लाल लुगड्याचे तुकडे लावून गोधडी शिवली होती आणि जर्मनीतल्या एका बाईनं फोटो पाहून ती मागवली होती. मी इंग्रजी घेऊन बीए झालेली, म्हणून सोबतची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडं आलं. "रंग कच्चा हाय, थंड पाण्यात धू म्हणावं, एवढंच लिव," मावशी म्हणाली होती. मी पानभर लिहिलं. गोदावरी, पिढ्यांचा वारसा, मायेचे टाके, आणि एकेक वाक्य चार-चार ओळींचं. महिन्याभरानं, त्या दुपारी, त्या बाईनं धुतलेल्या गोधडीचा फोटो पाठवला. लाल रंग गोधडीभर पसरला होता. खाली तिनं लिहिलं होतं की माझं इंग्रजी बेताचंच आहे, तुमचं पत्र सुंदर असावं, पण मला ते कळलं नाही, मी गोधडी गरम पाण्यात मशीनला लावली. मावशीनं फोटो जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाली, "तू काय लिवलंस, ते मला मराठीत सांग." मी सांगायला लागले. हातातली सुई तशीच धरून ती ऐकत होती. अर्ध्यावर तिनं मला थांबवलं. "लय चांगलं हाय. पण यात पाणी कुठं हाय?" पाणी अगदी शेवटच्या ओळीत होतं. आता मी परदेशी गिऱ्हाइकांसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत लिहिते. पहिलं वाक्य जरा देखणं झालं, की मी ते खोडते आणि पाणी वर आणते.