गुलाबी मुठीची सायकल

माझी वहिनी कवळ्या बनवते. सव्वीस वर्षं झाली. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, ती त्यांवर मेणाची हिरडी चढवते, दात बसवते, घासूनपुसून चकचकीत करते आणि डबीत घालून परत पाठवते. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातच्या दातांनी हसत असतील. तिला मात्र त्यातलं कुणी रस्त्यात भेटत नाही. भेटणार कसं? सहा वर्षांत ती रस्त्यावर एकटी चाललेलीच नाही.

याला कारण माझा सख्खा भाऊ. दादानं सारी हयात इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात घालवली. दोर कुठे झिजलाय, दार कुठे अर्धवट लागतंय, हेच बघायचं. कामावर त्याला सगळे ‘सावधान’ म्हणत. निवृत्त झाला आणि तपासायला घरात एकटी वहिनी उरली. दादा वाईट आहे असं कुणी म्हणू शकत नाही, मीसुद्धा नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. नवरा दारुडा असता, हात उगारणारा असता, तर चार माणसं गोळा करून त्याची खरडपट्टी काढता आली असती. काळजी करणाऱ्या माणसाचं काय करायचं?

सहा वर्षांपूर्वी वहिनी बसच्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडलं. दादा म्हणाला, हात बरा होईपर्यंत मी गाडीनं सोडतो. हात दीड महिन्यात बरा झाला. गाडी अजून चालू आहे. सकाळी पावणेनऊला दारात, संध्याकाळी सहाला वर्कशॉपच्या फाटकाशी, तीही दहा मिनिटं आधीच. भाजी तो आणतो. मैत्रिणीकडे तो सोडतो आणि खाली गाडीत बसून राहतो. ‘तू निवांत बस, मला काही घाई नाही,’ म्हणतो. खाली नवरा ताटकळत बसलाय म्हटल्यावर वर कोण निवांत बसेल? मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस हो! वहिनी मान डोलावते आणि अर्ध्या कपात चहा आवरून उठते.

वर्कशॉपच्या मागच्या अंगणाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधे एक लोखंडी दार. दुपारच्या सुट्टीत वहिनी त्या दारातून माझ्याकडे डबा खायला येते. मागच्या वर्षी अशीच ती जेवत होती आणि कॉलेजातले एक सर जाहिरातीच्या प्रती काढायला आले. घर बदलायचं होतं, सामान विकायचं होतं. त्यात एक जुनी सायकल होती. वहिनीनं तो कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला.

“मला ही घ्यायचीय,” ती म्हणाली.

“तुला येते?”

“कॉलेजात असताना दोन्ही हात सोडून चालवायचे.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मोठ्यानं हसायलासुद्धा बिचकणारी माझी वहिनी!

“आणि दादाला काय सांगणार?”

“तयार झाली की सांगेन. आत्ता सांगितलं तर तो नवी कोरी आणेल आणि सीट धरून मागे पळेल.” मग जरा थांबून म्हणाली, “मला कुठे लांब जायचं नाही गं. घर ते वर्कशॉप. पंचवीस मिनिटं. तेवढीच मला एकटीला हवीत.”

सायकल मागच्या अंगणात आली तेव्हा मी कपाळाला हात लावला. डोंगरात चालवायची सायकल होती ती. जाड काटेरी टायर, आणि पुढचा शॉकअप एकदा दाबला की वर यायचं नाव घेत नव्हता. गिअर म्हणायला एकवीस, त्यातला चालणारा एक. सरांनी ती कित्येक वर्षं गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरली होती. कोपऱ्यावरचा सायकलवाला आला, एक चक्कर मारून त्यानं ती बघितली आणि म्हणाला, “ताई, ही डोंगरावरून चालवत आणलेली नाही, वरून ढकलून दिलेली आहे.”

पण तो माणूस हाताचा चांगला होता. शहराच्या रस्त्याला काटेरी टायर जड जातात म्हणून त्यानं गुळगुळीत टायर चढवले. शॉकअप कायमचा आवळून टाकला. पुढच्या तीन दातेरी चक्रांतली दोन काढून एकच ठेवलं, हँडल वर उचललं, मडगार्ड आणि कॅरियर बसवलं. बाकीचं वहिनीनं केलं, दुपारच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासात, दोन महिने. गंज काढायला तिनं कवळ्यांना चकाकी आणायची पूड वापरली. मागचं चाक डुगडुगत होतं, तर ते सरळ करायची तिची तऱ्हाच निराळी. कवळी कुठे टोचते ते कळावं म्हणून पेशंटला चावायला एक निळा कागद देतात. तो कागद तिनं ब्रेकच्या रबराला चिकटवला आणि चाक फिरवलं. जिथे घासलं तिथे रिमवर निळा डाग उमटला. मग तिथले स्पोक थोडे सैल, थोडे घट्ट. सायकलवाला खाली बसून बघत राहिला.

उजवीकडची मूठ फुटलेली होती. नवी सहज मिळत होती, पण वहिनीला ती पसंत पडेना. तिनं मेणाचा गोळा मुठीत दाबला, स्वतःच्या हाताचा साचा घेतला आणि हिरडीसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्यातून मूठ घडवली. बोटांच्या चार खाचा, अंगठ्याला वेगळी जागा. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईनं पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं होतं. मी म्हटलं, अगं, काळ्या सायकलला ही गुलाबी मूठ काय दिसते! तिनं ऐकलंच नाही. ती मूठ धरून नुसती उभी राहायची, स्टँडवरच्या सायकलशेजारी. तेव्हा तिचा चेहरा बघवत नसे मला. इतक्याशा गोष्टीनं माणसाला इतकं सुख व्हावं?

आणि त्याच मुठीनं घात केला.

वर्कशॉपच्या मालकांची सामानाची लिफ्ट कुरकुरायला लागली होती. त्यांनी दादाला सहज म्हटलं, जरा बघता का? दादा भरदुपारी अंगणात हजर. वहिनी वर कामात होती, मी लोखंडी दाराशी उभी होते. त्यानं सायकल बघितली.

“कुणाची ही?”

“माझी,” मी दडपून दिलं.

तो वाकला. ती गुलाबी मूठ त्यानं निरखून पाहिली. मग माझा हात धरला आणि मुठीवर ठेवला. माझी बोटं खाचांत बसेनात.

“तुझा हात मोठा आहे,” दादा म्हणाला आणि लिफ्ट बघायला निघून गेला.

मी लगेच वर निरोप धाडला. संध्याकाळी गाडीत भांडण होणार, हे मी धरूनच चालले होते. झालं काहीच नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे चार दिवसही नाही. वहिनीचा जीव टांगणीला लागला. “बोलला असता तर भांडले असते,” ती मला म्हणाली. “न बोलणाऱ्याशी काय भांडू?” डबा तसाच परत जायला लागला.

रविवारी दादानं मला घरी बोलावलं. गेले तर खाली पार्किंगमध्ये सायकल उभी! स्वतः जाऊन घेऊन आला होता. पुढे दिवा, मागे लाल दिवा, हँडलवर चांगली दणदणीत घंटी, कॅरियरवर नवं हेल्मेट. लिफ्ट तपासणीचे जुने फॉर्म त्याच्याकडे होते, त्यातला एक त्यानं भरला होता. ब्रेक ठीक, चेन ठीक, चाकं ठीक, खाली तारीख आणि सही.

“काम फार सुंदर केलंय हिनं,” तो मला म्हणाला. आवाजात खरा अभिमान होता. मग वहिनीकडे वळून म्हणाला, “मला आधी सांगायचं ना! उद्यापासून सायकलनंच जा.”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले. मी मनातल्या मनात भावाची माफी मागितली. इतकी वर्षं मी त्याला उगाच नावं ठेवली, असं वाटलं.

सोमवारी सकाळी पहिली फेरी बघायला मी मुद्दाम गेले. वहिनी हेल्मेट घालून दाराशी उभी होती. आणि तिच्या मागे गाडी, इंजिन चालू, चारही दिवे लुकलुकतायत.

“मी मागून येतो,” दादा खिडकीतून म्हणाला. “तू आपली चालव. मी एक शब्द बोलणार नाही.”

मी दार उघडून त्याच्या शेजारी बसले. “दादा, घरी बस.”

“पहिला आठवडाभर फक्त.”

“मनगटाच्या वेळीही असंच म्हणाला होतास.”

“तेव्हा मी तिच्याबरोबर नव्हतो,” तो म्हणाला. “ती पडली आणि मला दोन तासांनी कळलं. तुला नाही समजायचं ते.” त्याचे हात स्टिअरिंगवर घामेजले होते. त्याचा रागही धड करता येईना.

वहिनी निघाली. सुरुवातीला तिनं जोरात पॅडल मारले. मग सिग्नल लागला आणि आम्ही मागे येऊन ठेपलो. पुढे सायकल, मागे पहिल्या गिअरवर गाडी, तिच्यामागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. दादा खिडकीतून हात काढून लोकांची माफी मागत होता आणि मला म्हणत होता, “ब्रेक किती छान लावते बघ.” वहिनीची पाठ ताठ होती. बसथांब्यावरची माणसं आधी तिच्याकडे बघत, मग आमच्याकडे, आणि हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजार ओलांडल्यावर गोदामांच्या मधून एक बोळ जातो. तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवलेत, गाड्या जाऊ नयेत म्हणून. बोळ सरळ वर्कशॉपच्या रस्त्याला लागतो. वहिनीनं उजवा हात दाखवला.

“इकडे कुठे?” दादा दचकला. “इथे गाडी जात नाही!”

माझ्या लक्षात आलं. जा, वहिनी, जा! बोळ मोकळा होता, शेवटपर्यंत ऊन पडलं होतं, चिटपाखरू नव्हतं. तिनं पुढचं चाक खांबांच्या मधे घातलं. आणि पाय टेकला. मान वळवून ती आमच्याकडे बघत राहिली.

दादा स्टिअरिंग धरून बसून होता. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, “जा की!” तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मागचे हॉर्न वाढले. मग तिनं सावकाश चाक बाहेर ओढलं आणि मोठ्या रस्त्यानं सरळ निघाली, आमच्या पुढे, आमच्याच वेगानं.

दुपारी ती डबा घेऊन आली तेव्हा मी फणकारले. “का नाही गेलीस? कुणी धरलं होतं तुला? तो गाडीतून उतरेपर्यंत तू पार पोचली असतीस!”

“जाणारच होते गं,” ती म्हणाली. “चाक आत होतं.”

“मग कशाची वाट बघत होतीस?”

तिनं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

“तुझा दादा मानेनं हो म्हणेल म्हणून थांबले होते,” ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून गप्प झाली.